मस्तकस्पर्श

“हा कोणता डाव, रातू? पहिला की दुसरा?” सेतारेकीने विचारले, आणि उत्तर यायच्या आतच मैदानाच्या कडेने नासोलोच्या मंडळींचा गलका उठला.

“अरे त्याला काय विचारतोस! वुनिवेसीत दोनपर्यंत मोजता येतं का कुणाला?”

“दुसरा म्हण रे पोरा, दुसरा! आणि सतरा-बारा म्हण! आम्ही मागे आहोत, इथे रडतोय बघ आम्ही!”

हशा पिकला. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा असलेला सैरूसीही हसला. त्याच्या कानाशी गवताची काडी चिकटली होती आणि मानेवरून घाम निथळत होता. “दुसरा डाव, ताता,” तो म्हणाला. “सतरा-बारा. आपण पुढे.”

उत्तर बरोबर होते. मात्र ते त्याने स्वतःच्या स्मृतीतून काढून दिले की समोरच्यांच्या ओरडण्यातून उचलले, हे कळायला मार्ग नव्हता. नासोलो आणि वुनिवेसी ही दोन गावे एकाच मूळदैवताची लेकरे. अशा गावांतल्या माणसांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवावी, एकमेकांच्या घरातली वस्तू न विचारता उचलावी आणि कोणी कोणावर रागावू नये, ही पूर्वापार चालत आलेली रीत. दोघांचा सामना म्हणजे निम्मा खेळ आणि निम्मी थट्टा. त्या थट्टेला आवर घालणे सेतारेकीच्या काय, खुद्द प्रमुखांच्याही हाती नव्हते.

सेतारेकी दुसऱ्या मैदानावरून औषधांची पेटी सांभाळत धावत आला होता. तिथे एका मुलीचे गळ्याजवळचे हाड मोडले होते. तिचा हात झोळीत बांधून, तिला रग्बी-मालिकेच्या एकुलत्या एका रुग्णवाहिकेत घालून तो वळतो न वळतो तोच इकडून शिट्ट्या झाल्या. त्यामुळे सैरूसीला लागलेले त्याने स्वतः पाहिले नव्हते. नासोलोच्या एका धिप्पाड गड्याचा गुडघा डाव्या कानाच्या मागे बसला, क्षणभर पोरगा आडवा झाला आणि लगेच उठला, एवढेच त्याला दहा जणांनी दहा प्रकारे सांगितले.

मस्तकाला मार लागला तर दोन्ही हातांनी डोके चाचपून पाहावे, हा मालिकेचा नियम. सेतारेकीने स्वतः तो किती तरी पोरांना शिकवला होता. त्याचे हात वर आलेही, पण सैरूसीच्या खांद्यांच्या उंचीवर येऊन थबकले.

“तिलो,” तो पुटपुटला. वडीलधाऱ्यांच्या माथ्यावरून हात नेताना क्षमेसाठी उच्चारायचा हा शब्द. हात मात्र पुढे सरकले नाहीत. त्याने मान वाकडी करून कानामागे पाहिले. दाट कुरळ्या केसांत काही दिसेना. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. त्या सारख्या होत्या. पंच घड्याळाकडे पाहत होता.

“खेळू द्या,” सेतारेकी म्हणाला.

त्याच्या देशात कुणाच्याही मस्तकाला उगाच हात लावत नाहीत. आणि प्रमुखाच्या वंशातल्या मस्तकाला तर कोणीच लावत नाही. सैरूसी हा वुनिवेसीचे प्रमुख रातू मनासा यांचा एकुलता एक पुत्र, उद्याचा प्रमुख; म्हणून त्यालाही मानाने ‘रातू’ म्हणत. त्याचे केस कापण्याचा अधिकारदेखील गावात एकाच घराण्याला होता, आणि ते घराणे सेतारेकीचे नव्हते. सेतारेकीचे आजोबा सांगत, पूर्वी प्रमुखाच्या निष्प्राण मस्तकाला ज्यांचे हात लागत ते हात पुढे कित्येक दिवस अन्नाला शिवत नसत. त्या माणसांना इतरांनी घास भरवायचे. शिक्षा म्हणून नव्हे. ज्या हातांनी इतके पवित्र काही धरले, ते हात लगेच व्यवहाराला जुंपायचे नाहीत म्हणून. सेतारेकीने तीस वर्षे आरोग्यकेंद्रात परिचारकाचे काम केले होते. सुया टोचल्या, बाळंतपणे केली, शेकडो डोकी शिवली. परंतु आजोबांच्या त्या गोष्टी त्याच्या हाडांत होत्या, आणि हाडे शिक्षणाने बदलत नाहीत.

उपांत्य सामना वुनिवेसीने जिंकला. नासोलोच्या म्हाताऱ्या बायकांनी मैदानात शिरून विजेत्यांच्या तोंडाला पीठ फासले आणि जाता जाता त्यांची पाण्याची भांडी उचलून नेली.

सेतारेकी दुसऱ्या मैदानाकडे परतला तेव्हा वाटेत वाइसाले भेटला. राजधानी सुवाहून आलेला हा तिशीतला तरुण मालिकेचा व्यवस्थापक होता. सकाळपासून त्याच्या पोटात चहाखेरीज काही गेले नव्हते.

“ताता, रुग्णवाहिका कुठवर पोचली?”

“आत्ता तर गेली. पुलापाशी असेल. जाऊन येऊन संध्याकाळच होणार.”

“आणि अंतिम सामना?” वाइसालेने कपाळावर हात मारला. “दूरचित्रवाणीवाल्यांना वेळ दिलीय मी.”

“मी म्हणालो नव्हतो का, दोन मैदानं आणि एक माणूस, जमायचं नाही?”

“पुढच्या वर्षापासून नक्की, ताता. दोन गाड्या, दोन परिचारक, सगळं. या वर्षी हे इतकं वाढेल असं कुणाला वाटलं होतं?”

ते खरेच होते. चार गावांच्या हौसेतून ही सात-सात गड्यांची रग्बी सुरू झाली तेव्हा गोलखांब बांबूचे होते आणि जिंकणाऱ्याला डुक्कर मिळत असे. आता किनाऱ्याकिनाऱ्याने नऊ ठिकाणी फेऱ्या होत. वाइसालेने या फेरीसाठी चोवीस संघांची यादी पक्की केली होती. परंतु सकाळी डोंगरातून ट्रक भरभरून आणखी संघ उतरले. प्रत्येकाच्या म्होरक्याच्या हातात यंगोना या मानाच्या पेयासाठी लागणाऱ्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी. ते प्रमुखांपुढे मांडी घालून बसले आणि रीतीप्रमाणे मुळ्या अर्पण करते झाले. प्रमुखांचा प्रवक्ता, वृद्ध नेमानी, याने त्या स्वीकारून टाळ्या वाजवल्या. एकदा मुळी स्वीकारली की पाहुण्याला परत पाठवता येत नाही, खेळू देणार नाही असे म्हणता येत नाही. वाइसाले बिचारा कागद हातात घेऊन, “अहो पण नोंदणी बंद आहे...” असे म्हणत राहिला, आणि त्याच्या त्या चेहऱ्याला सगळे हसले. सेतारेकीही हसला होता. त्यानेच मग चुना आणून शेजारच्या गुरचरणीत दुसरे मैदान आखून दिले.

सूर्य डोंगराकडे कलला तशी अंतिम सामन्याची तयारी झाली. वुनिवेसीचे गडी आंब्याच्या सावलीत बसले होते. सेतारेकी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेला. सैरूसी जरा बाजूला, मुळावर टेकून बुटाची नाडी बांधत होता. त्याने ती बांधली, सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली, पुन्हा सोडली. सेतारेकी उभा राहून पाहत राहिला.

“पाणी घ्या, रातू.”

सैरूसीने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखे नितळ कुतूहल होते.

“ताता,” त्याने विचारले, “हा कोणता डाव?”

सेतारेकीच्या हातातले भांडे खाली पडले. पलीकडे कोणी तरी हसले. त्यांना वाटले, सैरूसी मघाची थट्टा पुढे चालवतो आहे. पण सेतारेकीला त्याचे डोळे दिसत होते. उजवी बाहुली मण्याएवढी होती. डावी पसरून काळीभोर झाली होती, विहिरीच्या तळासारखी.

त्याच क्षणी लाकडी नगारा घुमू लागला. अंतिम सामन्याची हाक. गडी उठले, आणि सवयीनेच सैरूसीही उठू लागला.

“बसा,” सेतारेकी म्हणाला. “बसा म्हणतो ना!” आणि त्याने दोन्ही हात प्रमुखपुत्राच्या मस्तकावर ठेवले.

या वेळी ‘तिलो’ म्हणण्याचेही त्याला भान राहिले नाही. बोटे केसांत शिरली, कानामागे गेली आणि तिथे थांबली. पिकून गळालेल्या पपईसारखे काही तरी मऊ त्यांना लागले.

आंब्याखालचा गलका थांबला. मग मैदानाकडेचा थांबला. जणू वारा पडावा आणि शीड लुळे व्हावे, तशी ती शांतता माणसांतून पसरत गेली. हजारो डोळे एका जागी खिळले. नगारा वाजवणाऱ्याची काठी वरच राहिली. नासोलोची मंडळी, ज्यांना कशाचाच विधिनिषेध नव्हता, तीदेखील मुकी झाली.

“सेतारेकी!” नेमानीचा आवाज चिरकला. “वेड लागलं का तुला? हात काढ! अरे, हात काढ!”

मंडपात रातू मनासा उभे राहिले. प्रमुख उभे राहिले की इतरांनी खाली बसायचे. सारा जनसमुदाय भरती ओसरावी तसा जमिनीवर बसला. एकटा सेतारेकी उभा राहिला. बसायचे त्यालाही ठाऊक होते, पण बसायचे तर हात काढावे लागले असते.

“हा खेळणार नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “डोक्यात रक्त साचतंय. गाडी आणा कुणी तरी. गाडी!”

कोणी हलले नाही. लोकांच्या कानांपर्यंत शब्द पोचत होते. परंतु डोळ्यांनी जे पाहिले त्याने मन असे काही गोठले होते की शब्दांना आत वाट मिळेना. वाइसाले धावत आला. “ताता, रुग्णवाहिका अजून...” त्याने वाक्य पुरे केले नाही.

“उसाचा ट्रक,” रातू मनासा मंडपातून म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “तो आणा.”

मग मात्र एकदम सगळे उठले. प्रमुखांच्या मंडपातल्या चटयाच ट्रकच्या तळाशी अंथरल्या गेल्या. सैरूसीचे वडील पुढे चालकाजवळ बसले. मागे सेतारेकी पाय पसरून बसला आणि सैरूसीचे मस्तक त्याने आपल्या मांड्यांमध्ये, दोन्ही तळहातांच्या ओंजळीत स्थिर धरले. ट्रक निघाला तेव्हा मागे मैदानावर शिट्टी वाजली. अंतिम सामना सुरू झाला होता. ती शिट्टी ऐकून सेतारेकीला वाटले, हे आपण ऐकतो आहोत ते खरे नसावे.

रस्ता उसाच्या मळ्यांतून जात होता आणि खड्ड्यांनी भरला होता. प्रत्येक हिसक्याला सेतारेकी आपले खांदे, दंड, मनगटे ताठ करी. हिसका त्याच्या शरीरात जिरावा आणि ओंजळीपर्यंत पोचू नये म्हणून. हात आधी दुखले, मग बधिर झाले. पोरगा मध्येच ओकला. मग झोपेत गेल्यासारखा झाला.

“सैरूसी,” सेतारेकी वाकून म्हणाला, “झोपू नकोस. ऐकतोस का? लहानपणी काटा मोडला होता तुझ्या टाचेत, मी काढला, तर शिव्या दिल्यास मला. दे पाहू आता. दे शिवी.”

प्रमुखाच्या मुलाला जन्मात तो असे एकेरी बोलला नव्हता. सैरूसीच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. जड जिभेने, पण स्पष्ट, तो म्हणाला, “हात काढू नका, ताता.”

“नाही रे पोरा. नाही काढत.”

त्यानंतर तो काही बोलला नाही.

रुग्णालयात चाकांच्या खाटेवर घेताना परिचारिकेला सेतारेकीची बोटे एकेक करून सोडवावी लागली. त्याची त्याला ती उघडता येईनात. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. तरुणच होते, डोळ्यांखाली थकवा होता. ते रातू मनासांशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलले. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सेतारेकीला त्यातले एकच वाक्य नीट ऐकू आले, आणि तेही अर्धे: “तासभर आधी आणलं असतं, तर कदाचित...”

तासभर आधी. तासभर आधी त्याचे हात त्या खांद्यांपाशी, वितीच्या अंतरावर होते.

पहाटे सैरूसी गेला.

रविवारी वुनिवेसीत प्रार्थनेची घंटा झाली, पण प्रमुखपुत्राच्या काळजीने गाणे झाले नाही. सेतारेकीच्या घरी त्याच्या कुळातली वडील माणसे जमली होती. त्यांना अजून बातमी कळली नव्हती. त्यांच्या दृष्टीने कालचा अपराध तेवढा समोर होता, आणि त्याच्या क्षमायाचनेसाठी त्यांनी देवमाशाचा दात बाहेर काढून, पुसून, चटईवर मांडला होता.

“आज दुपारीच जाऊ,” थोरला भाऊ म्हणाला. “प्रमुख परत आले की लगेच. तू तोंड उघडू नकोस, मी बोलेन. अरे, चार माणसांत हात लावायचा? विचारून तरी लावायचास!”

सेतारेकी दारातून आत आला. त्याच्या मागोमाग वाइसाले आला. रात्रभर तोही रुग्णालयाच्या आवारात बसून होता. त्यानेच सांगितले. सांगताना तो उभाच राहिला, मग रीत आठवून घाईघाईने खाली बसला. “पुढच्या वर्षी...” असे काही तरी तो सुरू करू पाहत होता, ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडताच आपण काय बोललो याने तोच दचकला आणि चेहरा हातांत लपवून हमसू लागला.

दात चटईवरच राहिला. तो उचलावा की ठेवावा, हे कोणालाच सुचेना.

दुपारी सेतारेकीच्या बायकोने, माकेरेताने, त्याच्यापुढे उकडलेल्या दालोची, म्हणजे अळूची, पाने आणि कंद ठेवले. कालपासून त्याने काही खाल्ले नव्हते. त्याचे हात मांडीवर उताणे पडलेले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आणून त्याच्याजवळ ठेवायला दिले असावेत. माकेरेता त्या हातांकडे पाहत राहिली. तिलाही त्या जुन्या गोष्टी ठाऊक होत्या. तिने कंदाचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

त्याने मान फिरवली.

“का? रीतच आहे ना ती?”

“ती ज्यांनी मानानं धरलं त्यांच्यासाठी,” सेतारेकी म्हणाला. “ज्यांना बोलावलं होतं त्यांच्यासाठी. मला कुणी बोलावलं होतं? आणि जेव्हा धरायचं तेव्हा धरलं नाही मी.”

“मग उपाशी मरणार आहेस?”

घास तिच्याच हातात राहिला.

संध्याकाळी पार्थिव आले. गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसून होते. नासोलोची मंडळीही आली होती; अशा प्रसंगीही थट्टा करून शोक हलका करण्याचा त्यांना अधिकार होता, किंबहुना कर्तव्यच होते. त्यांची एक म्हातारी उठलीही, ‘दोनपर्यंत मोजता न येणारे’ असे काही तरी म्हणू लागली, आणि पहिल्याच शब्दावर अडखळली. ती तशीच खाली बसली. तशी घटना कोणाच्या आठवणीत नव्हती.

सेतारेकी रस्त्यावर गेला नाही. तो आपल्या घराच्या पायरीवर बसून होता. अंगणात पावले वाजली तशी आतली माणसे लगबगीने वाकली. सैरूसीची आई लुसियाना आली होती; प्रमुखांच्या घरातल्या स्त्रीला मानाने ‘आदी’ म्हणत, म्हणून ती आदी लुसियाना. काळे वस्त्र, अंगावर शोकाची चटई गुंडाळलेली, मागे दोनच बायका. शनिवारी ती मैदानावर नव्हती. पाहुण्यांच्या बत्तीस संघांचे अन्न शिजत होते त्या चुलाण्यांपाशी होती. तिच्या मनगटावर काजळीचा डाग अजून तसाच होता.

थोरल्या भावाने घाईने देवमाशाचा दात उचलून दोन्ही हातांत धरला. तो क्षमेचे शब्द बोलू लागणार तोच तिने हाताने त्याला थांबवले. दाताकडे तिने पाहिलेही नाही. ती सेतारेकीच्या समोर, खालच्या पायरीवर बसली. प्रमुखाची पत्नी खालच्या पायरीवर! सेतारेकी धडपडत उतरू लागला.

“बस,” ती म्हणाली.

तो बसला.

“पुढे त्याचे वडील होते. मागे तू होतास.” तिचा आवाज कोरडा होता, वापरून संपल्यासारखा. “काही बोलला का?”

अंगणात कोंबडी काही टिपत होती, तेवढाच आवाज होता.

“बोलला,” तो अखेर म्हणाला. “हात काढू नका, म्हणाला.”

आदी लुसियाना बराच वेळ त्याच्या मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने ते स्पर्श न करता, जरा वाकून, जवळून पाहिले. काही शोधावे तसे. उजव्या हाताच्या नखात एक कुरळा केस अडकलेला होता. तिने तो काढला नाही.

“काल उपांत्य सामन्यातच...” सेतारेकी बोलू लागला. “आदी, तेव्हाच मी हात लावला असता तर...”

“मला सांगितलंय त्याच्या वडिलांनी,” ती म्हणाली.

तिने माकेरेताकडे हात पुढे केला. माकेरेताला समजायला क्षण लागला. मग तिने आतून दालोच्या कंदांचे ताट आणले. दुपारचेच होते, गार झालेले. आदी लुसियानाने कंदाचा लहानसा तुकडा मोडला, नारळाच्या दुधात बुडवला आणि सेतारेकीच्या तोंडापाशी धरला.

“खा,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. तिथे क्षमा होती की नव्हती, हे त्याला वाचता आले नाही. तिचा हात मात्र हलत नव्हता.

सेतारेकीने तोंड उघडले. हात मांडीवर तसेच उताणे, रिकाम्या ओंजळीसारखे राहिले. आणि तो म्हातारा माणूस, लहान मुलासारखा, तिने दिलेला घास सावकाश चावू लागला.